कौल आणि शुल्क



नव्या दुकानांच्या व कचेऱ्यांच्या इमारतींवर बांधकामाची परवानगी देतांनाच जें शुल्क घेतलें जातें, तें वाढवावें असा विचार आमच्या गांवच्या नगरपालिकेंत सध्यां चालू आहे. राहत्या घरांचा दर आहे तसाच ठेवावयाचा असल्यामुळें सामान्य नागरिकास यांत आपलें कांहीं जात नाहीं असें वाटतें. मला ही वाढ अनिष्ट वाटते, आणि माझें म्हणणें मी इतिहासाच्या आधारें मांडणार आहें.

मराठेशाहींत नवी पेठ कशी वसवीत असत हें प्रथम पाहूं. पेठेची आज्ञा झाली म्हणजे शेटे व महाजन नेमले जात. परगांवाहून उदमी लोकांना बोलावून आणणें, त्यांस जागा नेमून देणें, बाजारांतील तंटे तोडणें हें त्यांचें काम; मोबदला म्हणून त्यांस वतनी हक्क मिळत. येणाऱ्या उदम्याच्या हातीं सरकारचा कौल पडे. कौल म्हणजे अभयाचा व सवलतीचा लेख. इतकीं वर्षें मोहतर्फा माफ, घरपट्टी माफ, वेठबिगार माफ, आणि मुदत सरल्यावर शिरस्त्याप्रमाणें वसूल, अशा धर्तीचा तो करार असे. पुण्याच्या ज्या पेठांत आज चालावयासही जागा नाहीं, त्या पेशवाईंत माणसें अशीं आर्जवानें बोलावूनच वसल्या.

शेतीच्या बाबतींतही हीच दृष्टि होती. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्यानें सारा लावीत. पहिल्या वर्षीं नाममात्र, पुढें वर्षागणिक चढता, आणि जमीन नीट पिकूं लागली म्हणजे मग पुरा दर. जें अजून पिकलेंच नाहीं त्यावर सारा कसला, हा साधा व्यवहार त्यांत होता.

हे राज्यकर्ते मोठे दयाळू होते असें मात्र कोणी समजूं नये. मोहिमांच्या खर्चामुळें पेशवे सदा सावकारांच्या ऋणांत असत, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत महसूल मक्त्यानें देऊन रयतेची जी पिळवणूक झाली ती सर्वश्रुत आहे. म्हणजे खजिन्याची निकड त्यांस आपल्याहून कमी नव्हती. तरीही दुकान उभें राहण्यापूर्वीं दुकानदाराकडे हात पसरण्याची रीत त्यांनीं पाडली नाहीं.

ही परंपरा पेशवाईबरोबर बुडाली असेंही नाहीं. कोल्हापुरास १८९१ सालीं आगगाडी आली, आणि १८९५ सालीं शाहू छत्रपतींनीं शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. व्यापाऱ्यांना जागा व सवलती देऊन तेथें आणलें. गुळाचा व्यापार त्या पेठेंत असा रुजला कीं, कोल्हापूर आणि गूळ हीं दोन नांवें एकत्रच उच्चारलीं जाऊं लागलीं. त्या व्यापारापासून संस्थानास व पुढें नगरास जें उत्पन्न झालें, तें आरंभींच्या कोणत्याही शुल्कांतून झालें नसतें.

याच्या उलट मुंबईचें उदाहरण आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव चढले, तेव्हां मुंबईंत समुद्र हटवून जमीन करण्याच्या व बांधकामाच्या कंपन्या पावसाळ्यांतील छत्र्यांप्रमाणें उगवल्या. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि हा सारा डोलारा कोसळला. नेमक्या त्याच वर्षीं आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनीं शहर स्वच्छ केलें, मंडई बांधली, हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु खर्च भरतीच्या दिवसांतला आणि उत्पन्न ओहोटीचें, अशी गांठ पडली. करांचा भार वाढला, करदाते खवळले, १८७१ सालीं मोठी चळवळ झाली व १८७२ च्या कायद्यानें करदात्यांना आपले प्रतिनिधि निवडण्याचा अधिकार मिळाला. बांधकामाच्या भरभराटीवर शहराचा संसार मांडूं नये, हें मुंबईनें तेव्हांच पाहिलें.

आतां आजची स्थिति. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमांत १९९२ सालीं विकास शुल्काचें प्रकरण घालण्यांत आलें. त्यांत व्यापारी बांधकामाचा दर निवासी बांधकामाहून अधिक आहे. पुढें जकात गेली. पुण्यांत ती २०१३ सालीं बंद झाली, मुंबईंत १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यावर. घरचें हुकमी उत्पन्न गेल्यावर नगरसंस्थांची दृष्टि बांधकामाच्या परवानग्यांकडे वळली, यांत नवल नाहीं. पण हें उत्पन्न घरपट्टीसारखें दरसाल येणारें नव्हे. बांधकाम थंडावलें कीं तें आटतें, आणि शिपायांचे पगार कांहीं थांबत नाहींत.

शिवाय हा भार पडतो कोणावर? ज्याचें दुकान मोक्याच्या जागीं तीस वर्षें उभें आहे त्याच्यावर छदामही नाहीं. उलट नवे गाळे कमी झाले कीं त्याच्या गाळ्याचें भाडें चढतें. भार पडतो तो कर्ज काढून पहिल्यानेंच दुकान थाटणाऱ्यावर, आणि त्याच्यामार्फत त्याच्या गिऱ्हाइकावर. माझा एक जुना विद्यार्थी पंप दुरुस्तीचा कारखाना काढावयाचा म्हणून दोन वर्षें जागा शोधतो आहे. शुल्कासकट गाळ्याची किंमत ऐकून तो दर वेळीं परत येतो.

नव्या इमारतींना गटारें, पाणी, रस्ते लागतात, तो खर्च कोणीं करावा, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. तो खर्च त्या इमारतींनींच द्यावा, पण उत्पन्न सुरू झाल्यावर द्यावा. वाढीव रक्कम आरंभीं न घेतां इमारत वापरांत आल्यापासून चढत्या हप्त्यांनीं मालमत्ता कराबरोबर घेतां येईल. आमच्या पूर्वजांनीं यालाच इस्तावा म्हटलें होतें.

प्रस्तावावर लेखी हरकत मीं दिली आहे. तींत दोन मागण्या आहेत. गेल्या दहा वर्षांत या शुल्कापासून दरसाल किती रक्कम आली व त्यांतली किती खरोखर गटारांवर आणि रस्त्यांवर खर्चली, याचा तक्ता नगरपालिकेनें प्रसिद्ध करावा. आणि तो प्रसिद्ध होईपर्यंत दर आहे तोच ठेवावा.