रिकाम्या हौद्याची उंची

ओझे मागच्या बाजूस फार गेले की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते आणि चढावर बैलांची व गाडीवानाची सारखीच फजिती होते, ही गोष्ट आपल्याकडे गाडी भरणाऱ्या गड्याला कोणी शिकवावी लागत नसे. पेंढ्या रचता रचता तो जू हाताने एकदा तोलून पाही आणि चार पेंढ्या पुढे सरकवी. चाकांवर ओझे वाहणाऱ्या कोणत्याही वाहनास हा पुढच्या-मागच्या तोलाचा हिशेब चुकलेला नाही. परंतु अमेरिकेतील पिकअप या उघड्या हौद्याच्या लहान मालमोटारीच्या बाबतीत या हिशेबाने गेल्या शंभर वर्षांत जी वळणे घेतली, ती एखाद्या घराण्याच्या बखरीइतकीच मनोरंजक आहेत. आणि ती बखर वाचावयास दोनच आकडे पुरतात: पुढच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर, आणि मागच्या चाकाचे तेच अंतर.

हे आकडे मी प्रथम ऐकले ते नॉर्थ कॅरोलायनात, भाच्याकडे महिनाभर मुक्कामास असताना. शेजारचे गृहस्थ, वयाने साठी उलटलेले, आपल्या जुन्या पिकअपखाली पाठीवर आडवे झाले होते आणि त्यांचा नातू टेप धरून मोजमाप ओरडून सांगत होता. पुढे साडेएकवीस इंच, मागे साडेतेवीस. भाच्याने माझी ओळख करून देताच ते बाहेर सरकले, ग्रीसने माखलेला हात मागे घेऊन कोपर पुढे केले, आणि गाडीचे नाक दोन इंच खाली आहे, ते आता आपल्याला पाहवत नाही, असे अगदी घरच्या दुखण्याविषयी सांगावे तसे सांगू लागले. इतकी वर्षे ते कसे पाहवले, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

वस्तुतः नाक खाली नव्हतेच. शेपूट वर होते, आणि कारखान्याने ते हेतुपुरस्सर वर ठेवलेले होते. पिकअपच्या मागील धुऱ्यावर पोलादाच्या वाकड्या पट्ट्यांची जुडी असते, आपल्या ट्रकवाल्यांच्या भाषेत कमान-पाटे. हौद्यात विटा, सिमेंट, गवताचे गठ्ठे पडले म्हणजे पाटे बसतात आणि ती दोन-तीन इंचांची आगाऊ उंची खर्ची पडून गाडी जमिनीशी समांतर होते. रिकाम्या पिकअपचे पुढे झुकणे म्हणजे येणाऱ्या ओझ्यासाठी काढून ठेवलेली शिल्लकच होय. ज्याच्या डोळ्यांना ते झुकणे खुपू लागते, त्याच्या हौद्यात सहसा फारसे काही पडत नसावे, हे ताडावयास पंचांग उघडावे लागत नाही.

आरंभी मात्र उंचीचा आणि हौसेचा यत्किंचितही संबंध नव्हता. १९०८ साली हेन्री फोर्डने मॉडेल टी बाजारात आणली तेव्हा अमेरिकेचा ग्रामीण मुलूख बव्हंशी कच्च्या वाटांचा होता; चिखलात खोल गेलेल्या चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर गाडीचे पोट टेकू नये म्हणून ती उंच, सडपातळ चाकांवर उभी केलेली होती, आणि आज संग्रहालयात पाहिली तर पाणथळीत उभ्या राहिलेल्या बगळ्यासारखी दिसते. या रस्त्यांची खरी अवस्था सरकारी दप्तरात दाखल झाली ती १९१९ मध्ये. ७ जुलै रोजी वॉशिंग्टनहून निघालेला लष्करी मोटारींचा तांडा ३,२५१ मैलांची मजल मारून ६ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोस पोचला. ६२ दिवसांच्या त्या प्रवासात मालमोटारी रुतल्या, घसरल्या, त्यांच्या भाराने लाकडी पूल खचले, आणि हे सारे सोबतीस राहून पाहणाऱ्या अधिकाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर या नावाचा एक तरुण लेफ्टनंट कर्नल होता. १९२५ मध्ये फोर्डने त्याच मॉडेल टीच्या पाठीवर कारखान्यातच पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकावयास काढली. तोवर ज्यांना गरज भासे ते मागची बैठक उतरवून फळ्यांचा हौदा ठोकून घेत.

पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ द्यावयाची, हा विचार रूढ झाल्यावर उंचीला दुसरे कारण मिळाले. त्यासाठी पुढेही एक अखंड, जाडजूड धुरा घालावा लागतो. त्याच्या पोटात दातेरी चक्रांचा डबा असतो. खड्ड्यात पाटे दबले असता हा डबा इंजिनाच्या तळाला आदळू नये म्हणून वरची सर्व गाडीच उचलून धरावी लागते. युद्धातील विलीज जीप अशी होती, आणि १९४६ पासून नागरिकांना मिळू लागलेली डॉजची पॉवर वॅगन तर लष्करी मालमोटारीचेच मुलकी वेषांतर होते. (तीच जीप १९४७ मध्ये मुंबईत महिंद्र कंपनीने जोडावयास घेतली, पाट्यांवरून बसणारे हादरे म्हणजे काय, हे आपल्याकडील कित्येक मामलेदारांच्या आणि इंजिनिअरांच्या मणक्यांना तिनेच शिकविले.) मिनियापोलिसची नॅपको कंपनी शेव्हरोले आणि जीएमसी पिकअपांना ही चार चाकांची ओढ स्वतंत्रपणे बसवून देई, १९५७ पासून तीच सामग्री या गाड्यांच्या कारखान्यातून मागविता येऊ लागली, आणि १९५९ मध्ये फोर्डने ही यंत्रणा आपल्या कारखान्यातच बसवावयास आरंभ केला.

फोर्डच्या एका गाडीचा येथे थोडा अधिक विचार केला पाहिजे, कारण उंचीच्या भक्तिसंप्रदायाचे ते आद्यपीठ होय. १९६७ ते १९७७ च्या पूर्वार्धापर्यंतच्या चार चाकांच्या ओढीच्या एफ-२५० पिकअपला लोकांनी 'हायबॉय' असे टोपणनाव दिले. तिच्यात शक्तीची पुढे-मागे वाटणी करणारी पेटी गिअरबॉक्सला जोडलेली नसून काही अंतरावर चासीखाली वेगळी टांगलेली असे, आणि या पेटीसाठी व तिला जोडणाऱ्या आखूड दांड्यासाठी जागा करावयाची तर चासी उंच ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७७ च्या मध्यावर ही पेटी गिअरबॉक्सलाच जोडण्यात आली, चासीची ठेवण बदलली आणि गाडी खाली आली. यंत्रदृष्ट्या ही सुधारणाच होती. पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला पेटी दिसत नाही, उंची दिसते. आणि जी उंची अभियंत्यांनी नाइलाजाने दिली होती, ती गेल्यावर लोक हळहळले, जुन्या गाड्या जपू लागले आणि नव्या गाड्यांना तितके उंच करण्यासाठी पदरचे पैसे खर्चू लागले.

या बखरीतील सर्वांत मोठा विरोधाभास मला दिसतो तो येथेच. १९१९ चा तो लेफ्टनंट कर्नल पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये त्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्या चिखलापायी गाड्या उंच झाल्या होत्या तो चिखल डांबराखाली आणि काँक्रीटखाली गडप होऊ लागला, आणि नेमके त्याच्या पाठोपाठ गाड्या उंच करण्याचे वेड पसरले. रस्ता सोडून जाणे ही आता आपत्ती उरली नव्हती, करमणूक झाली होती. १९६७ मध्ये मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाच्या वाळवंटातून तिहुआना ते ला पाझ अशी शर्यत झाली, जिला पुढे 'बाहा १०००' हे नाव रूढ झाले. आणि तेथील गाड्यांचे उंच नाक व लांब झोके घेणारी पुढची चाके कॅलिफोर्नियातील तरुणांच्या डोळ्यांत भरली. इकडे सेंट लुइसजवळ बॉब चँडलर या गॅरेजमालकाने आपल्या १९७४ च्या एफ-२५० ला अधिकाधिक मोठी चाके चढवीत नेली, आणि १९८१ मध्ये शेतात ठेवलेल्या दोन भंगार मोटारींवरून ती चालवून त्यांचा चेंदामेंदा केला. 'बिगफूट' हे तिचे नाव. १९८६ मध्ये तिच्या एका भावंडाला दहा फूट उंचीचे टायर लागले, आणि तोवर मोटारी चिरडण्याचे हे प्रयोग पाहावयास लोक तिकिटे काढून क्रीडांगणात बसू लागलेही होते.

सामान्य मालक अर्थात दोन, चार, फार तर सहा इंचांवर संतुष्ट असतो. ते मिळविण्याचा सोपा आणि माझ्या मते काहीसा फसवा मार्ग म्हणजे चासी आणि वरचे घर यांच्यामध्ये जाड ठोकळे घालणे; गाडी उंच दिसते, मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते, पण चासी असते तेथेच राहते. धुरा अखंड असेल तर त्याची जमिनीपासूनची उंची वाढविणे हे एकट्या टायरच्याच हाती असते, आणि तेथेही चार इंच मोठ्या टायरने पदरात पडतात दोनच इंच, कारण धुरा चाकाच्या मध्यावर असतो.

पाट्यांना हात घालणारा कारागीर अधिक प्रामाणिक, पण त्याची जोखीमही अधिक. मागे जुडीत एखादा जादा पाटा चढवितात, किंवा पाटे आणि धुरा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टांनी आवळतात. पाटे नुसते ओझे पेलत नाहीत, धुऱ्याला जागच्या जागी धरूनही ठेवतात. जोर लावला की धुरा स्वतःभोवती पिळू पाहतो आणि पाटा नागमोडी होतो. मध्ये ठोकळा आला की या पिळाला लांब तरफ मिळते. म्हणून मागे जो ठोकळा चालतो तो पुढच्या धुऱ्यावर कदापि घालू नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. करकचून ब्रेक लागला असता पुढे येणारा ताण तो ठोकळा निसटवू शकतो, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे.

शेजारच्या गृहस्थांच्या गाडीस पुढे पाटे नव्हतेच. जनरल मोटर्सने १९८८ च्या चार चाकांच्या ओढीच्या पिकअपांपासून पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली आणि पाट्यांच्या जागी चासीलगत लांबवर जाणारा, पिळाने भार तोलणारा पोलादी दांडा आणला. या दांड्याच्या मागच्या टोकाला किल्लीसारखा एक तुकडा असून त्याला खालून एक बोल्ट टेकलेला असतो. बोल्ट आत घेतला की दांडा फिरतो आणि गाडीचे नाक वर येते. गाडीला जॅक देऊन दांड्यावरील भार हलका केल्यावर त्या गृहस्थांनी बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, डावीकडे पाच फेरे, उजवीकडे पाच फेरे, आणि गाडी खाली उतरवून गल्लीत एक चक्कर मारून आणली, कारण उचललेली गाडी आपल्या जागी नीट बसल्याखेरीज मोजमाप खरे येत नाही. नातवाने टेप लावला: बावीस आणि सव्वाबावीस. आणखी चार फेरे. मला वाटले होते की बोल्ट आवळल्याने दांडा कडक होतो. त्यांनी मान हलविली. दांडा होता तेवढाच राहतो, फक्त चाकाचे हात आधीच खाली लोंबू लागतात, म्हणून खड्ड्यात आणखी खाली जावयास त्यांना वाव उरत नाही आणि ते रबराच्या अडणीवर आपटतात. धक्के बसतात ते त्यामुळे. शिवाय चाकांचा कल बदलतो, टायर एका कडेने झिजू लागतो आणि चाकांना जाणारे दांडे ज्या सांध्यांतून फिरतात ते तिरपे पडून लवकर निकामी होतात. हे सर्व त्या गृहस्थांना मुखोद्गत होते. आणि तरीही ते फेरे मोजीत होते.

सरकारनेही यात यथाकाल लक्ष घातले. संघराज्याच्या नियमाप्रमाणे प्रवासी मोटारीचा बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात आघात झेलणारा असावा लागतो; पिकअपना हा नियम लागू नाही, आणि उंच पिकअपचा बंपर लहान मोटारीच्या बंपरवरून थेट काचेकडे जाऊ शकतो. म्हणून अनेक राज्यांनी बंपरच्या उंचीला आपापल्या मर्यादा घातल्या. पण नॉर्थ कॅरोलायनात फर्मान निघाले ते निराळ्याच कारणाने. वाळवंटी शर्यतीच्या गाड्यांची नक्कल करता करता तेथील तरुणांनी नाक आकाशाकडे आणि शेपूट जमिनीकडे अशी एक ढब काढली. आपला गडी तिला बघताक्षणी उलाळ म्हणाला असता. चालकाला समोरचा रस्ता दिसेना आणि समोरून येणाऱ्याला त्याच्या दिव्यांनी काहीच दिसेना. १ डिसेंबर २०२१ पासून त्या राज्यात पुढचे मडगार्ड मागच्याहून चार इंच वा अधिक उंच करणे निषिद्ध ठरले, आणि वर्षात तीनदा गुन्हा झाल्यास परवाना रद्द करण्याची तरतूद झाली; व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये तोच कित्ता गिरविला. शंभर वर्षांपूर्वी ज्या मागच्या उंचीत ओझ्याची वाट पाहिली जात होती, ती आधी खुपली, मग समतल झाली, मग उलटली. आणि अखेर मडगार्डना टेप लावण्याची पाळी पोलिसांवर आली.

शेजारच्या गृहस्थांचा या नव्या ढबीवर फार राग होता. त्यांची गाडी पुढे-मागे साडेतेवीस इंचांवर आली, तिची अलाइनमेंट झाली, आणि भिंतीवर खुणा करून त्यांनी दिवेही खाली केले. चार दिवसांनी संध्याकाळी ते नातवासह आले तेव्हा हौद्यात काठोकाठ ओल्या ओकची लाकडे भरलेली होती. थंडीसाठी कोणीतरी फुकट देऊ केलेली. पाटे पार बसले होते, मागचे मडगार्ड टायरला भिडावयास दोन बोटे उरली होती, आणि दिव्यांचा झोत समोरच्या पाइनच्या शेंड्यांवर पडला होता. नातू हसू दाबीत टेप आणावयास घरात गेला. गृहस्थ काही वेळ त्या शेंड्यांकडे पाहत उभे राहिले, मग त्यांनी भाच्याला हाक मारून विचारले, की मोठा पाना त्या दिवशी तुमच्याकडेच राहिला का.