मोहोर आटवण्यापूर्वी : एकोणिसाव्या शतकातील सुवर्णनाण्यांची ओळख

जुन्या घरांच्या देवघरात, लक्ष्मीपूजनाच्या तबकात किंवा आजीच्या माळेत एखादे सोन्याचे नाणे हमखास सापडते. लग्नकार्य निघाले की ते सोनाराकडे जाते, वजन होते, घट धरली जाते आणि नाणे आटते. सोने उरते, नाणे मात्र कायमचे जाते. समोरचे नाणे कोणते, ते कितपत दुर्मीळ आणि अस्सल कशावरून, हे तीन प्रश्न संग्राहक पहिल्यांदा विचारतो. घरातील नाणे मोडण्यापूर्वी प्रत्येकाने तेच विचारावेत.

कंपनीची आणि राणीची मोहोर

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखात एकच नाणेपद्धती लागू केली. चांदीचा रुपया हे कायदेशीर चलन ठरले. सोन्याची मोहोर पाडली जाई. पण ती स्वीकारण्याचे बंधन कोणावर नव्हते. मोहोरेचे वजन रुपयाइतकेच, म्हणजे एक तोळा अथवा ११.६६ ग्रॅम होते. बारा भागांत अकरा भाग शुद्ध सोने आणि नाममात्र किंमत १५ रुपये. दुहेरी मोहोर ३० रुपयांची होती. चौथ्या विल्यमचे मुख आणि मागे ताडाच्या झाडासमोरचा सिंह अशी १८३५ ची मोहोर आज संग्राहकांना विशेष प्रिय आहे. १८४१ च्या मोहोरेवर तरुण व्हिक्टोरिया राणी आली.

त्याच वर्षी सरकारी खजिन्यांना १५ रुपये दराने मोहोर स्वीकारण्याची मुभा मिळाली. पुढे कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियात सोन्याचे मोठे साठे सापडले, सोने स्वस्त होण्याची धास्ती सरकारला वाटली आणि १ जानेवारी १८५३ पासून ती मुभा काढून घेण्यात आली. त्यामुळे मोहोर बाजारात फारशी फिरली नाही. ती साठवली गेली, माळेत ओवली गेली किंवा आटवली गेली. तिच्या दुर्मीळपणाचे मूळ या इतिहासात आहे. कंपनीचे राज्य संपल्यावर १८६२ पासून मुकुटधारी राणीच्या मोहोरा निघाल्या आणि १८७७ पासून नाण्यांवर ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ हा शब्द आला.

गिनी म्हणून ओळखले जाणारे सॉव्हरिन

आपल्याकडे ‘गिनी’ म्हणतात ते नाणे बहुधा ब्रिटिश सॉव्हरिन असते. आधुनिक सॉव्हरिन १८१७ पासून निघू लागले. वजन ७.९८ ग्रॅम, सोने २२ कॅरट. १८९९ मध्ये ते हिंदुस्थानात १५ रुपये दराने कायदेशीर चलन झाले. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर तीन मुखे दिसतात : १८८७ पर्यंत तरुण, १८८७ ते १८९३ छोटा मुकुट घातलेले आणि त्यानंतर पदर घेतलेले वृद्ध मुख. मागील बाजूस ढालीचे चिन्ह किंवा अजगराला मारणारा घोडेस्वार सेंट जॉर्ज असतो. सिडनी, मेलबर्न व पर्थ येथील टांकसाळींची ‘एस’, ‘एम’ आणि ‘पी’ ही अक्षरे भिंगातून शोधावी लागतात.

जुने म्हणजे दुर्मीळ, हा समज येथेच खोटा ठरतो. १८९० च्या दशकातील बहुतेक सॉव्हरिन विपुल असल्याने त्यांना सोन्याच्या भावाहून थोडेच अधिक मोल येते. याउलट १८१९ मध्ये केवळ ३,५७४ सॉव्हरिन पाडली गेली आणि त्यांतील मोजकीच आज शिल्लक आहेत.

गोवा, बडोदे आणि पुतळी

गोव्याच्या टांकसाळीत क्रूसाचे चिन्ह असलेली ‘सांतोमे’ सुवर्णनाणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पाडली जात. त्यांचे मूल्य शेराफीत मोजले जाई. ही संख्येने थोडी असल्याने अस्सल नमुना क्वचितच हाती लागतो. १८८१ पासून पोर्तुगीज हिंदुस्थानासाठी कोलकात्याच्या टांकसाळीत पाडलेला रुपया मात्र चांदीचा आहे. बडोद्याचे तिसरे सयाजीराव यांच्या मुखाच्या सुवर्णमोहोरांवर देवनागरी अक्षरे आणि विक्रम संवत असतो. इसवी सन काढण्यासाठी त्यातून साधारण ५७ वजा करावेत.

पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ मुळात व्हेनिसचे डुकाट नाणे. त्यावरील मानवी आकृतींवरून हे नाव पडले. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले; पण त्या नाण्याच्या नकला आपल्याकडे नंतरही होत राहिल्या. म्हणून माळेतील प्रत्येक पुतळी व्हेनिसची असेलच असे नाही.

अस्सल, पुन्हा पाडलेले आणि बनावट

कंपनीकाळातील काही नाणी कोलकाता व मुंबई टांकसाळींनी नंतरच्या काळात जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा पाडली. ती बनावट नव्हेत. पण त्यांचे मोल मूळ नाण्यापेक्षा बरेच कमी असते. दुहेरी मोहोर घेताना हा फरक विशेष पाहावा.

धातूची प्राथमिक परीक्षा घरीही होते. अचूक काट्यावर मोहोर ११.६६ ग्रॅम भरली, तर दोऱ्याने पाण्यात टांगल्यावर तिचे वजन सुमारे ०.६६ ग्रॅमने कमी भरावे. घट याहून बरीच जास्त आली, तर धातू हलका आहे. परंतु विसाव्या शतकात खऱ्या सोन्याचीच बनावट सॉव्हरिन मोठ्या प्रमाणावर झाली. त्यामुळे कसोटीला सोने उतरले, एवढ्याने नाणे अस्सल ठरत नाही. अक्षरांची धार, कडेवरील दाते आणि पृष्ठभागावरील बारीक फुगे यांची खात्रीच्या नमुन्याशी तुलना करावी लागते.

जतन आणि कायदा

माळेसाठी लावलेली कडी, डाकाची खूण किंवा भोक यांमुळे नाण्याचे संग्रहमूल्य घटते. मात्र कडी काढून घासणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दागिन्याप्रमाणे रिठ्याने किंवा पावडरीने नाणे उजळवू नये. मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही. नाणे कडेने धरावे, स्वतंत्र वेष्टनात ठेवावे आणि ते कोणाकडून, केव्हा आले याची नोंद सोबत ठेवावी.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. ते खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही आणि अशा नाण्यांच्या व्यापारास परवाना लागतो. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

अभ्यासासाठी मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था ही दोन ठिकाणे उपयुक्त आहेत. नाणे मोडायचेच असेल, तर त्याआधी किमान दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन आणि साल टिपून जाणकारांचे मत घ्यावे. सोने पुन्हा विकत घेता येते. १८३५ ची मोहोर पुन्हा तयार होत नाही.