गारगोटी आणि हादरा

दख्खनच्या काळ्या दगडात सापडणारी गारगोटी शिरूर-दौंडच्या माणसाला नवी नाही. १८८० साली पॅरिसमध्ये झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी दाखविले की, अशा स्फटिकावर दाब पडला की वीज उपजते. पुढच्याच वर्षी त्यांनी उलटही सिद्ध केले: वीज दिली की स्फटिक किंचित लांबतो वा आखडतो.

हेलिकॉप्टर पुढे जाताना एका बाजूच्या पात्याला वारा जोराने लागतो, दुसऱ्या बाजूच्या पात्याला कमी. म्हणून प्रत्येक फेरीत यंत्र हादरते. तो हादरा सांध्यांत आणि वैमानिकाच्या पाठीत उतरतो. २००५ साली जर्मनीत बीके-११७ हेलिकॉप्टरच्या पात्यांना मागल्या कडेला चिमुकल्या झडपा बसवून ते उडविले. झडपा हलविल्या त्या याच गुणाच्या, भट्टीत भाजलेल्या तुकड्यांनी. हादऱ्याला उलट हादरा द्यावयाचा, ही त्यातील युक्ती.

पण १९१८ सालीच अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी नोंदविले होते की, हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी दगड घडविणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी व बधिर पडतात. पाते शांत करणारी विद्या आली; रांजणगाव-कुरकुंभला हत्यार धरणाऱ्या हाताचा हिशेब मात्र कामगारांनी एकजुटीनेच मागितला पाहिजे.