प्रिंटचं आयुष्य : सी.पी. बेरारच्या वाटेवर काय टिकलं, काय गेलं

सीताबर्डीच्या व्हरायटी चौकातून तुमच्यापैकी बरेच जण रोज जात असतील. त्या चौकाचं नाव एका टॉकीजवरून पडलेलं आहे. टॉकीजची नावं चौकांना राहिली, नटनट्यांची नावं लोकांच्या तोंडी राहिली. पण त्या टॉकीजच्या केबिनमध्ये रोज चालणारी जी वस्तू होती, ती प्रिंट, तिचं काय झालं हे कुणी फारसं विचारत नाही. आज तिच्याबद्दल बोलू.

आधी नकाशा बघा. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, मग मुंबई राज्यात गेलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. सिनेधंद्याच्या वह्यांमध्ये मात्र आपला प्रदेश 'सी.पी. बेरार'च राहिला. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीला होत्या, भुसावळला होत्या. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं कार्यालयही भुसावळचंच, म्हणजे रेल्वेच्या मोठ्या जंक्शनवरचं. प्रिंट महाग असायची, म्हणून एका सर्किटच्या वाट्याला मोजक्याच यायच्या. त्या आधी मोठ्या शहरांत लागायच्या, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला, आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत. प्रिंट तीच. म्हणजे तंबूतल्या प्रेक्षकाला आधीच्या प्रत्येक टॉकीजने केलेले ओरखडे दिसायचे. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा तो असा.

आता यंत्राकडे येऊ. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे १३,५०० फूट फिल्म, चार किलोमीटरहून जास्त. सेकंदाला २४ चित्रं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चित्राला एका कडेला चार भोकं. प्रोजेक्टरचे दाते त्या भोकांत अडकतात आणि फिल्म सेकंदाला २४ वेळा ओढून थांबवतात. दात झिजून आकड्यासारखा वाकडा झाला असेल, तर तो भोकाची कड फाडतो. गेटचा दाब जास्त असेल तर फिल्म घासते, कमी असेल तर चित्र हलतं. नव्या प्रिंटचा थर ओलसर आणि मऊ असतो, त्याचा अंश गेटवर जमून कडक होतो आणि मागून येणाऱ्या फिल्मला ओरबाडतो. आता हिशेब करा. रोजचे चार खेळ धरले, तर पंचवीस आठवड्यांच्या रौप्यमहोत्सवात ७०० वेळा हे सगळं घडतं.

आणि हे झालं यंत्राचं. हातांनी होणारं नुकसान वेगळंच. खेळ संपला की रीळ उलटं गुंडाळायचं. सैल गुंडाळलं आणि मग टोक धरून कसलं, की फिल्मचे वेढे एकमेकांवर घासतात, मध्ये धूळ असेल तर तीच कानशीसारखं काम करते. शिवाय रिळाची दोन्ही टोकं सगळ्यात जास्त हाताळली जातात, जमिनीला लागतात. एका प्रोजेक्टरवरून दुसऱ्यावर कधी जायचं, याची खूण म्हणून रिळाच्या शेवटी काही चित्रांच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका छापलेला असतो. तो नीट दिसला नाही, की एखादा ऑपरेटर स्वतःची खूण खरवडायचा, पुढच्या गावचा आणखी एक. जुन्या चित्रपटात प्रसंगाच्या ऐन शेवटी संवाद तुटतो, उडी बसते. तिथे बहुतेक वेळा रिळाचं टोक असतं.

फिल्म तुटली की जोड द्यायचा. थर खरवडायचा, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. प्रत्येक जोडात एक-दोन चित्रं जातात. एका जोडाने काही कळत नाही, वीस जोडांनी गाण्याची ओळ जाते.

त्यात आपलं हवामान. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी. फिल्ममधला ओलावा उडतो, ती वळते, ठिसूळ होते, स्थिर विजेमुळे धूळ ओढून घेते. केबिनमध्ये कार्बन आर्कची धग वेगळीच. मग पावसाळ्यात दमट हवा, थरावर बुरशी.

चांगला ऑपरेटर काय करायचा? प्रत्येक रीळ लावण्याआधी गेट पुसायचा. जमलेला थर पोलादी पात्याने नाही, लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने काढायचा. फिल्म कडेने धरायचा, चित्राला बोट लावायचा नाही. गुंडाळताना एकसारखा ताण ठेवायचा आणि भोकं तपासायचा. या कामाला कुणी टाळी वाजवत नसे. चुकलं तर मात्र सगळं थिएटर शिट्ट्या मारायचं.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला, त्यात सेन्सॉर आणि प्रेक्षकांची सुरक्षितता या दोन बाबी होत्या. तेव्हाची नायट्रेट फिल्म पेटली की पाण्यातही विझत नसे. म्हणून वेगळी अग्निरोधक केबिन, खिडक्यांवर लोखंडी झडपा. १९५० च्या सुमारास ॲसिटेटची सुरक्षित फिल्म आली, ही भीती संपली. पण बघा, कायद्याने माणसाला फिल्मपासून वाचवलं. फिल्मला खेळापासून वाचवणारा कायदा नव्हता. ते काम ऑपरेटरच्या बोटांवर सोडलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, प्रिंट झिजली तर झिजली, मूळ निगेटिव्ह आहेच की. सगळ्यांची नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झालं, तोवर 'आलम आरा'सारखे चित्रपट हाती लागण्याच्या पलीकडे गेले होते. पुढे ८ जानेवारी २००३ ला पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात 'प्रभात'चंही मूळ साहित्य गेलं. निगेटिव्ह गेली की कुठल्यातरी गोदामात उरलेली, खेळून झिजलेली प्रिंटच मूळ ठरते. मग एखाद्या गावच्या केबिनमध्ये घाईने दिलेला जोड कायमचा त्या चित्रपटाचा भाग होतो.

२०१० नंतर चार-पाच वर्षांत टॉकीजमधून रिळं गेली, डिजिटल आलं. पण तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांना आठवत असेल : केबिनच्या मागे पडलेले फिल्मचे तुकडे आपण पोरं गोळा करायचो, उन्हात धरून बघायचो. केवढा आनंद! आज वाटतं, त्या प्रत्येक तुकड्याएवढी जागा कुठल्यातरी चित्रपटात रिकामी आहे. तो तुकडा खिशात घालताना हे आपल्याला ठाऊक नव्हतं. ऑपरेटरला मात्र ठाऊक होतं.