थिबा, कर्वे आणि सातवा टप्पा

एरिक एरिक्सनने १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातला सातवा, साधारण चाळिशीनंतरचा, मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. पुढच्या पिढीसाठी काहीतरी उभं करायचं, नाहीतर साचून राहायचं!

याची दोन्ही उदाहरणं रत्नागिरीच्या इतिहासात सापडतात. धोंडो केशव कर्वे १८५८ साली याच जिल्ह्यात, शेरवलीला जन्मले. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८५९ चा, म्हणजे जवळजवळ त्यांच्याच वयाचा. इंग्रजांनी त्याचं राज्य खालसा करून १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. कर्व्यांनी पुण्यात १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ. त्याच १९१६ च्या डिसेंबरात थिबा रत्नागिरीतच वारला. तीस वर्षांत हाती काय, तर सरकारी पेन्शन आणि १९१० साली बांधून झालेला राजवाडा.

मग थिबा आळशी होता म्हणून साचला का? मला नाही पटत. ज्याला परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, त्याने काय उभं करायचं? टप्पा वयाबरोबर येतो, पण तो पार करायला दार उघडं लागतं. आणि कर्व्यांचं कामच मुळी दुसऱ्यांची बंद दारं उघडण्याचं होतं.