‘बर्निन’ : तिघांचा शेवटचा मेळ

जमेकांतील ट्रेंचटाउन या गरीब वस्तींत १९६३ सालीं बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी यांनीं सोबत्यांसह ‘वेलर्स’ हा गायकांचा मेळा उभा केला. शिकागोच्या कर्टिस मेफील्डचें ‘सोल’ गायन ऐकून त्यांचे गळे तयार झाले. पुढें तेच आर्त सूर सम मोकळी सोडणाऱ्या रेगे ठेक्यावर चढले. लंडनच्या आयलंड कंपनीकरितां केलेली त्यांची दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका ‘बर्निन’ १९७३ त निघाली. तींतील शेरिफाच्या वधाचें गीत १९७४ त एरिक क्लॅप्टननें गाइलें, आणि अमेरिकेंत तें पहिल्या क्रमांकास पोंचलें. मला मूळचा तिहेरी आवाजच अधिक खरा वाटतो. पण तोंवर तिघांचा मेळ मोडला होता. पुढच्या ध्वनिमुद्रिकेवर मार्लीचें नांव ‘वेलर्स’च्या आधीं छापलें गेलें.