खोपोलीला उतरलेलं सामान

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी आजीचा आवाज घालवला. तिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या: भातलावणीचे दिवस, पाताळगंगेला आलेले पूर, तिचं माहेर. फोन भरला म्हणून तो लिनक्सवाल्या लॅपटॉपला लावून सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर टाकल्या. कॉपी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर दिसलं. फोनमधलं पुसलं आणि पेनड्राइव्ह उपसला. त्याच पावसाळ्यात आजी गेली. खोपोलीच्या घरी सगळ्यांना ऐकवायला पेनड्राइव्ह लावला, तर फाइल्सची नावं होती, आत शून्य बाइट.

काय चुकलं, हे मला आमच्या गावाच्या इतिहासातून नीट कळलं. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ साली कर्जतमार्गे खोपोलीला पोचली. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत रुळांविना होता. प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढायचे आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरायचे. म्हणजे सामान खोपोलीला उतरलं, याचा अर्थ ते खंडाळ्याला चढलं असा नव्हता.

कॉम्प्युटरमध्ये हा घाट आजही आहे. डिस्क मेमरीपेक्षा फार हळू चालते. म्हणून लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवतात आणि सवडीने डिस्कवर उतरवतात. 'कॉपी झाली' ही खोपोलीची पावती. माझी आजी घाटातच होती.

खंडाळ्याची पावती देणारी कमांड ५० वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं. त्यात प्रत्येक डिस्कला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवण्याऐवजी, फोल्डरांच्या एकाच झाडाला नवी डिस्क फांदीसारखी जोडायची अशी सोय होती. जोडण्याला माउंट आणि सोडवण्याला यूमाउंट. 'अनमाउंट'मधला पहिला 'एन' तेव्हापासूनच गायब आहे. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये दोन्ही आहेत. सिस्टीम कॉलच्या यादीत माउंटचा क्रमांक २१, यूमाउंटचा २२. लिनक्सच्या ३२ बिटी इंटेल आवृत्तीतही तेच क्रमांक राहिले.

यूमाउंट दोन कामं करते. घाटात अडकलेला मजकूर डिस्कवर पोचवते आणि मग फांदी सोडवते. कुणी त्या डिस्कवरची फाइल उघडून बसलं असेल, तर 'टार्गेट इज बिझी' म्हणून चक्क नकार देते. तेव्हा नवखे चिडतात. खरं तर बऱ्याचदा आपणच दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरात बसलेले असतो. 'एल-एस-ओ-एफ' किंवा 'फ्यूजर' ही कमांड दिली की अडवणारा सापडतो.

२००१ साली लिनक्समध्ये 'लेझी' यूमाउंट आली. ती नकार देत नाही. फांदी झाडावरून लगेच दिसेनाशी करते, पण खरी आवराआवर शेवटचा वापरणारा उठल्यावरच होते. डिस्क दिसत नाही म्हणजे ती उपसायला मोकळी आहे, असं समजलात तर माझ्यासारखी गत होईल.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह लावला की स्टोरेजच्या सेटिंग्जमध्ये 'इजेक्ट' दिसतं. ते दाबणं म्हणजे यूमाउंटच.

आता नोकरीत मी रोज सर्व्हरवरच्या डिस्क जोडतो आणि सोडवतो. यूमाउंट लिहून एंटर दाबलं की कधीकधी कर्सर नुसता लुकलुकत राहतो, मिनिटभरसुद्धा. शेजारचा म्हणतो, अडकलंय, मार ते. मी हात खिशात घालून बसतो. वर पोचू दे.